बाजार मोकळा की मोकाट? सरकार बाजूला झालं तर काय, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बारा वर्षं एका मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीच्या दुकानावर हिशोब लिहिला, आता अंबाजोगाई तालुक्यात सात एकर कोरडवाहू करतो. भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याला अन् त्याच्या दोस्तांना मोबाईलवर कुणीतरी रोज सांगायलंय की सरकारनं फक्त पोलीस, कोर्ट अन् मिलिटरी तेवढी ठेवावी, बाकी सगळं बाजारावर सोडून द्यावं, मग बघा देश कसा पळतो. दिवाळीला आला की वाद घालतो, पारावरची मंडळी पण त्यात उतरते अन् प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. क्रम काही नाही, जसे आठवले तसे.

प्र. "मोकाट बाजार" म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला?

मोकळा बाजार म्हणजे माझं सोयाबीन मी लातूरला नेईन, नाहीतर बार्शीला, नाहीतर थेट मिलवाल्याला घालीन, कुणी नाक्यावर अडवायचं नाही. त्याला माझा काडीचा विरोध नाही. मोकाट म्हणजे देवाला सोडलेला पोळ, वळू. तो कुणाच्याही रानात शिरतो अन् त्याला कुणी हाकलत नाही, त्यातही ज्याला तारेचं कुंपण परवडतं त्याचं रान वाचतं, ज्याच्या बांधावर नुसती बोराटी लावलीय त्याचं पीक जातं. जुन्या गावात ह्यासाठी ग्रामपंचायतीचा कोंडवाडा असायचा. जनावर पाळू नका असं कुणी म्हणत नव्हतं, पण दुसऱ्याच्या पिकात शिरलं की कोंडवाड्यात जायचं अन् मालकानं दंड भरून सोडवायचं. मी एवढंच म्हणतोय, कोंडवाडा पाडू नका.

प्र. मामा, तुम्ही कम्युनिस्ट झालात का?

नाही रे बाबा, व्यापाऱ्याच्या पगारावर घर चालवलंय मी. अन् सरकारनं सगळं हातात घेतलं की काय होतं ते तुझ्या वयाच्या पोरांपेक्षा आम्ही जास्त बघितलंय. वडिलांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा मी दुसरीत होतो, स्कूटर दारात आली तेव्हा पाचवीत. 1972 ला कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हणजे सरकार सोडून दुसऱ्या कुणाला कापूस विकायचाच नाही, अन् मग केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मनमानी, चुकारे महिनोन्महिने नाहीत, लोक रात्रीच्याला चोरून कापूस दुसऱ्या राज्यात न्यायचे. ते परत यावं असं मला अजिबात वाटत नाही. पण एका टोकाला पोळलो म्हणून दुसऱ्या टोकाच्या विहिरीत उडी टाकायची काय?

प्र. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तर मोकळा बाजारच मागत होते ना? मग ते चूक होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो अन् तो विचारणाऱ्याला मी मान देतो. माझे चुलते छातीला लाल बिल्ला लावून सभांना जायचे, "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्या घरात लेकरांना पण पाठ होती. जोशींचं म्हणणं होतं की सरकारच शेतकऱ्याच्या विरोधात काटा मारतंय, शहरात स्वस्त मिळावं म्हणून निर्यात बंद करतंय, बाहेरून माल आणून भाव पाडतंय. ते खोटं नव्हतं अन् आजही खोटं नाही. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं होतं क्विंटलला, त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या बियाण्याची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, डिसेंबरात केंद्राच्या सेबीनं सोयाबीनसकट सात शेतमालांचा वायदा बाजार बंद केला. आम्ही घरात पोती रचून बसलो होतो भाव परत येईल म्हणून, मग काय, उंदरांनी खाल्लं तेवढं खाल्लं अन् उरलेलं मिळेल त्या भावात घातलं. कांदावाल्यांचं तर विचारूच नका, 2023 च्या डिसेंबरपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत निर्यातबंदी.

पण हे नीट बघा. सरकारनं काटा मारू नये ही एक मागणी झाली अन् काटा तपासणाराच नको ही दुसरी. आता जे ऐकायला येतंय ते दुसरं आहे, त्यात हमीभाव पण नको, बाजार समिती पण नको, रेशन पण नको, सावकारी कायदा पण नको. दुबळ्याला बांधलेली दोरी सोडा म्हणणं अन् दांडग्याचं दावं सोडा म्हणणं ह्या दोन गोष्टी एकाच वाक्यात घातल्या की ऐकणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटायला लागतात.

प्र. दोन माणसं राजीखुशीनं व्यवहार करतात, सरकारनं मध्ये तोंड का घालावं?

राजीखुशी. बरं.

आमच्या बीड जिल्ह्यात दसरा झाला की माणसं ऊसतोडीला जातात अन् गावं ओस पडायला लागतात. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, पावसाळ्यातच उचल (आगाऊ पैसे) देऊन गेलेला असतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दोघांची मिळून उचल आता लाखाच्या घरात जाते. ती उचल कशाला घेतली तर लेकीच्या लग्नाला, नाहीतर दवाखान्याला, नाहीतर मागच्या वर्षीची फिटली नाही म्हणून. मग कारखान्याच्या फडात पालं ठोकून सहा महिने, पहाटे तीन-चारला उठून तोडायचं, रात्री गाडी भरायची वेळ येईल तेव्हा मोळ्या वाहायच्या. एक दिवस आजारी पडलं की खाडा अन् खाड्याचे पैसे उचलीतून कापायचे. फिटली नाही उचल तर पुढच्या साली परत त्याच मुकादमाकडं.

कुणी जबरदस्ती केली का? नाही. अंगठा त्यानं स्वतःच केला. 2019 ला विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी आकडा सांगितला की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 99 खाजगी दवाखान्यांत 4,605 बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या. त्यावर चौकशी समिती बसली. सगळ्याच ऊसतोडीवाल्या होत्या असं नाही, पण त्यात कोयत्यावर जाणाऱ्या बऱ्याच होत्या, अन् पाळीचे चार दिवस खाडा पडतो, अंग दुखतं, पालावर ना पाणी ना संडास, डॉक्टर म्हणतो कॅन्सर होईल, मग ती माऊली म्हणते काढून टाका. सही आहे कागदावर. राजीखुशीनं!

ज्याच्याकडं नाही म्हणायची सोयच नाही त्याच्या "हो" ला किती किंमत द्यायची, हे बाजार कधी विचारत नाही, अन् विचारावं अशी अपेक्षा पण नाही, ते त्याचं कामच नाही. कुणीतरी दुसऱ्यानं विचारायला पाहिजे. ऊसवाल्या शेतकऱ्याला निदान एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा, कायदा आहे, ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्या नाहीतर 15 टक्के व्याज, तो पण कारखाने सर्रास मोडतात हा भाग वेगळा. तोडणाऱ्याला तेवढं पण नाही. त्याच्यासाठी कल्याण महामंडळ निघायला पण कित्येक वर्षं लागली.

प्र. स्पर्धा असली की भाव आपोआप नीट होतो ना?

स्पर्धा असली तर होतो. मी मोंढ्यात रोज सौदा बघितलाय. ढिगाजवळ सात-आठ खरेदीदार उभे, बोली चालू, लांबून बघणाऱ्याला वाटावं काय चुरस आहे. पण तीच मंडळी सकाळी एका टपरीवर चहा प्यायलेली असायची अन् आजचा भाव कुठं थांबवायचा ते चहातच ठरायचं. अडीचशे वर्षांपूर्वी, 1776 ला, अॅडम स्मिथनं हेच लिहून ठेवलं की एका धंद्यातली माणसं मौजमजेला जरी एकत्र जमली तरी शेवट गिऱ्हाइकाविरुद्ध काहीतरी संगनमतात होतो. ज्याचं नाव घेऊन मोकाट बाजार विकतात तोच माणूस, अन् त्याच माणसानं रस्ते, न्याय, गरिबाच्या पोरांची शाळा हे सरकारचं काम म्हणून सांगितलंय. तेवढं पान कुणी वाचत नाही.

बीटी कापसाचं बियाणं 2002 ला आलं. तंत्रज्ञान एकाच कंपनीचं, 450 ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या पुढं. 2006 ला आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडं गेलं तेव्हा ते साडेसातशेवर आलं, इकडं पण उतरलं. आता केंद्र दरवर्षी किंमत ठरवतं, 2025 च्या हंगामाला 901 रुपये होती. एवढा काळ गेला, महागाई केवढी वाढली, अन् पाकीट अजून पहिल्यापेक्षा स्वस्तच आहे. हे स्पर्धेनं झालं नाही.

प्र. मोंढ्यातले असले प्रकार बाजार समिती असतानाच चालत होते ना? मग ती काय कामाची?

बरोबर धरलंत. मी स्वतः पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या पावत्या, लिहिल्यात, मला माहिती आहे काय चालायचं. क्विंटलमागं कडता कापायचा, म्हणजे वजनातून उगाच काही किलो कमी धरायचे, मॉइश्चरच्या नावानं परत थोडं, पायलीभर नमुना म्हणून काढलेलं धान्य परत पोत्यात जायचंच नाही, अन् संध्याकाळी दुकान झाडलं की त्या झाडलोटीचं वेगळं पोतं भरायचं. एक म्हातारे आजोबा हिंगोलीकडून तूर घेऊन आले होते, पट्टी हातात घेऊन मला म्हणाले, "बाळा, मला वाचता येत नाही पण घरून मोजून आणलंय." मी खाली मान घातली. मालकासमोर काय बोलणार होतो. ते अजून डोक्यातून जात नाही.

संचालक मंडळात बसलेले तेच, व्यापारी तेच, पुढारी तेच. कुंपणानंच शेत खाल्लं. तरी पण कडता कापणं बेकायदा आहे हे लिहिलेलं तरी होतं, वजनमापं खात्याचा माणूस वर्षातून एकदा येऊन काट्याला शिक्का मारायचा, तो यायच्या आधी दोन दिवस आमच्या दुकानातले सगळे काटे एकदम खरे व्हायचे. बिहारनं 2006 ला बाजार समितीचा कायदाच रद्द केला. खाजगी कंपन्या येऊन चकाचक मार्केट यार्ड बांधतील असं सांगितलं होतं, ते काही झालं नाही, गावातल्या गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली माल घालणं तेवढं सोपं झालं. कुंपण सडलं तर दुसरं घालायला पाहिजे, अन् ते घालणं लई अवघड काम आहे हे मी मान्य करतो.

प्र. पाण्याला किंमत लावली, बाजार लावला, तर नासाडी थांबेल ना?

लातूरकराला हे विचारून बघा एकदा. 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं ठण्ण, धनेगावला तळाला भेगा. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून कलेक्टरनं 144 कलम लावलं होतं, पाच माणसं घागर घेऊन एकत्र उभी राहू शकत नाहीत. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पुढं पन्नास वाघिणींची म्हणजे 25 लाख लिटरची यायला लागली. त्याच काळात बाजार काय करत होता? तो पण कामावर होताच, जोरात. ज्याच्या रानात बोअरला पाणी त्यानं टँकर भरून विकला, आठवड्याला भाव वाढला, ज्याच्याकडं पैसा त्याच्या बंगल्याची टाकी भरलेली, पत्र्याच्या घरातली पोरगी शाळा सोडून रांगेत. टँकरवाला वाईट माणूस होता असं माझं म्हणणं नाही, तो नसता तर आणखी हाल झाले असते. पण जमिनीच्या खालचं पाणी त्याच्या एकट्याचं नव्हतं ना. त्यानं आठशे फूट खाली जाऊन ओढलं अन् शेजारच्या चाळीस फुटाच्या विहिरी आटल्या, त्याची किंमत कुठल्याच पावतीवर नव्हती. 2009 च्या भूजल कायद्यात सरकारनं जाहीर केलेल्या भागात 60 मीटरच्या खाली बोअर घेऊ नये असं आहे. बोअरच्या गाडीवाल्याला ते सांगून बघा, हसतो.

अन् पाण्याचा पक्का बाजार बघायचा असेल तर चिली देश बघा. तिकडं लष्करी हुकूमशाही असताना 1981 ला कायदा केला, पाण्याचा हक्क म्हणजे खाजगी मालमत्ता, जमिनीपासून वेगळा विकता येतो, खरेदी करता येतो. पेटोर्का नावाचा भाग आहे, तिथं अवोकाडोच्या बागा, माल युरोपला जातो. बागा हिरव्यागार अन् गावातली माणसं टँकरवर. नदीपात्र कोरडं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी आपल्याकडचा ऊस अन् आपलं पात्र उचलून तिकडं नेऊन ठेवलंय. 2022 ला त्यांनी कायदा बदलून पिण्याच्या पाण्याला पहिला नंबर दिला, चाळीस वर्षांनी.

प्र. दुष्काळात व्यापारीच धान्य आणतो ना? भाव वाढला की माल आपोआप येतो.

माल पैशाच्या मागं येतो, भुकेच्या मागं येत नाही. 1876 ते 78 चा दुष्काळ आपल्या शेजारी सोलापूर-नगरकडं भयानक होता. तेव्हाचा व्हाइसरॉय लिटन ह्याच विचाराचा, धान्याच्या भावात सरकारनं हात घालायचा नाही, बाजार बघून घेईल. रेल्वे होती, धान्य पण होतं, पण जिथं भाव चांगला तिकडं, बंदराकडं अन् विलायतेला जात राहिलं. कामावरच्या मजुराला रोजचं एक पौंड, म्हणजे अर्धा किलोच्या आत, धान्य अन् वर एखादा आणा मिळेल एवढीच मजुरी, दिवसभर खडी फोडून. लाखो माणसं मेली.

आता 1972 घ्या. आमच्या आजीच्या तोंडून ह्या दुष्काळाचं ऐकलं नाही असा उन्हाळा गेला नाही. तेव्हा पण ज्वारी नव्हती, मजुरी नव्हती, तीन-तीन साल पाऊस नाही. पण ह्या वेळेला सरकारनं कामं काढली, पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग, 1973 च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामावर होती. सुकडी वाटली, परदेशातनं आलेला लाल मिलो (ज्वारीचीच एक जात) रेशनवर दिला, जो गुरं पण नाक मुरडून खायची असं आजी म्हणायची, पण तोच खाऊन आमचे वडील जगले. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्यातूनच पक्की झाली, 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासून लागू, अन् देशाचा कायदा व्हायला 2005 लागलं. हिशोबवाला म्हणून मला त्यातली एक गोष्ट लई आवडते. पैसा आणायचा कुठून म्हणून 1975 ला व्यवसाय कर बसवला, म्हणजे पुण्या-मुंबईच्या पगारदारानं पैसे भरायचे अन् त्यातून आपल्याकडं मजुरी निघायची. भाच्या, तुझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला दोनशे अन् फेब्रुवारीत तीनशे कापलेले दिसतात ना, तोच तो.

प्र. पण टॅक्स म्हणजे जबरदस्तीनं घेतलेले पैसेच ना?

हो, जबरदस्तीच. पाझर तलाव वर्गणीवर होत नाहीत. सप्त्याच्या भंडाऱ्याला होते वर्गणी, तिथं पण दरसाली चार घरं टाळतात अन् जेवायला येतात.

प्र. कर्जाचं काय? गरजवंताला कर्ज मिळतंय, देणाऱ्याला धंदा मिळतोय, व्याजावर मर्यादा कशाला?

सरकारमान्य सावकारानं शेतीसाठी तारण घेऊन 9 टक्के, बिनतारणी 12 टक्के वर्षाला घ्यायचे, असा 2014 च्या कायद्याखालचा दर आहे. गावात चालतंय काय, तर शेकडा पाच महिन्याला. वर्षाचे साठ झाले. अन् बायकांच्या गटाला आठवड्याचा हप्ता घेणारे फायनान्सवाले वेगळेच. सकाळी सात वाजता मोटारसायकलवर येतात, एकीचा हप्ता थकला तर सगळ्या गटाला बसवून ठेवतात. त्या बाईनं मग शेजारणीकडून घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या फायनान्सचं उचलून पहिल्याचं भरायचं. आंध्रात 2010 ला ह्याच कारणानं आत्महत्या झाल्या अन् तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. मग रिझर्व्ह बँकेनं व्याजावर मर्यादा घातली. 2022 ला ती मर्यादा काढून टाकली, स्पर्धा आहे आता, कंपन्या आपापला दर ठरवतील म्हणून. अन् 2024 च्या ऑक्टोबरात त्याच रिझर्व्ह बँकेनं चार कंपन्यांना नवीन कर्ज द्यायला बंदी केली कारण व्याज अवाच्या सवा लावत होत्या. म्हणजे अडीच वर्षं टिकली ती स्पर्धा.

प्र. दवाखाना खाजगीच बरा नाही का? सरकारी दवाखान्यात कुत्रं फिरतं.

फिरतं, खोटं कशाला बोलू. पण छातीत कळ आलेल्या माणसानं चार दवाखान्यांतून कोटेशन मागवायचं का? गिऱ्हाईक आडवं पडलेलं आहे, भाव कोण करणार? औषध लावलेला स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी, लाख-सव्वा लाखाला बसवायचे, 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं किंमत बांधली तर 29,600 वर आला. कोरोनात राज्यानं खाजगी दवाखान्याच्या 80 टक्के खाटांना दर ठरवून दिला, साधा वॉर्ड चार हजार, आयसीयू साडेसात, व्हेंटिलेटरसकट नऊ हजार दिवसाला. तरी लोकांनी शेतं विकली. दर नसता तर काय विकलं असतं कुणास ठाऊक.

प्र. शिक्षणात लातूर पॅटर्न, म्हणजे सराव करून घेऊन बोर्डात अन् मेडिकलला पोरं चमकवायचा प्रकार, सरकारनं थोडाच उभा केला?

नाही केला, मास्तरांनी अन् पोरांनी केला. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत फुकट दहावी केलेलं पोरगं होतं म्हणून पुढं क्लासला जायला कुणीतरी मिळालं. आता फी भरायला एकर-दोन एकर काढणारे बाप मी ओळखतो, अन् ज्याच्याकडं काढायला एकरच नाही त्याचं हुशार पोरगं हॉटेलात टेबल पुसतं. त्यावर जास्त लिहीत नाही, जीव जळतो.

प्र. अमेरिकेत सगळं बाजारावरच चालतं ना, मग त्यांचं कसं भलं झालं?

सगळं चालत नाही तिकडं पण. जिथं जास्तीत जास्त सोडलं ते टेक्सास राज्य घ्या. विजेची ग्रिड बाकीच्या देशापासून वेगळी ठेवली, कारण केंद्राचे नियम लागू नयेत. थंडीसाठी मशिनरी तयार ठेवा हे 2011 ला एकदा गारठल्यावर सांगून झालं होतं, पण सक्ती नव्हती अन् खर्च होता, म्हणून केलं नाही कुणी. 2021 च्या फेब्रुवारीत बर्फ पडला, 45 लाखांवर घरांची वीज गेली, सरकारी मोजणीनं 246 माणसं मेली. वीज ठोकबाजारात 9 डॉलर युनिटवर गेली, तेव्हाच्या हिशोबानं साडेसहाशे रुपये एका युनिटला! ज्यांनी बाजारभावाचा प्लॅन घेतला होता त्यांना त्या आठवड्याची हजारो डॉलरची बिलं आली. आमच्या इकडं डीपी जळाला की पंधरा दिवस बसावं लागतं हे मला माहिती आहे, पण निदान बिल तरी असलं येत नाही.

प्र. एसटी तोट्यात आहे, बंद करून खाजगीला द्या की.

एकदा बंद पडलीच होती ना. 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत संप. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, ते सोडा, पण त्या पाच महिन्यांत बाजारानं काय केलं ते सांगतो. अंबाजोगाई-लातूर रोडवर दहा मिनिटाला गाडी, जीपवाल्यांची चांदी, पैसे दुप्पट. अन् आमच्या फाट्यापासून आत सहा किलोमीटर एक गाडी नाही, कारण तिथं सात पोरी अन् तीन म्हातारी एवढंच सीट. त्या सातातल्या दोघींची शाळा तेव्हा सुटली ती सुटलीच, एकीचं त्याच उन्हाळ्यात लग्न लावलं. खाजगी ट्रॅव्हल्सनं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असा 2018 चा नियम आहे, दिवाळीत पुण्याहून येताना भाच्यानं किती भरले ते त्यालाच विचारा.

प्र. सरकार एकदम बाजूला झालं तर नेमकं होतं काय? माणसं आपापसात बघून घेतील की.

बघून घेतात. कोण घेतं हा प्रश्न आहे. रशियात 1991 नंतर सगळं घाईघाईनं खाजगी केलं, सरकार दुबळं झालं, कारखाने मूठभर लोकांच्या घशात गेले अन् चार वर्षांत पुरुषांचं सरासरी आयुष्य 64 वरून 58 च्या खाली आलं.

पण रशिया कशाला, आपलाच मराठवाडा घ्या. निजामाच्या राज्यात मुलखाचा मोठा हिस्सा जहागिरींचा होता. तिथं सरकार म्हणजे नावाला, हैदराबाद लांब, कचेरी लांब. मग काय सगळे स्वतंत्र होते का? आजी सांगायची, गढीवरून, म्हणजे जहागीरदाराच्या वाड्यावरून, बोलावणं आलं की ताटावरून उठून जावं लागायचं, वेठ करावी लागायची, धान्याचं माप गढीचं, निवाडा गढीचा, दंड पण गढीचाच. सरकार नव्हतं म्हणून सत्ता नव्हती असं झालं नाही, ती फक्त गढीवर जाऊन बसली, अन् तिला मत देऊन पाडता येत नव्हतं. 1948 ला पोलीस अॅक्शन झाली, 49 ला जहागिरी गेल्या, 50 ला कूळ कायदा आला, तेव्हा कुठं आमच्या भावकीच्या नावावर ही सात एकर लागली. मला रोज सकाळी ज्या बांधावर बसून मोबाईलवर "सरकार नको" ऐकावं लागतं तो बांध त्या कायद्याचा आहे.

प्र. पण सरकारच एवढं चोर आहे, त्याच्याच हातात ताकद का द्यायची?

तलाठ्याकडं फेरफाराला किती जातात मला माहीत नाही काय? टँकरच्या फेऱ्या कागदावर दहा अन् गावात चार, हे पण माहिती आहे. पण त्या सरकारी टँकरचं लॉगबुक मी माहितीच्या अधिकारात मागवलंय, मिळालंय, अन् गावसभेत वाचून दाखवलंय, त्यानंतर फेऱ्या चारच्या सात झाल्या. दहा नाही झाल्या. खाजगी टँकरवाल्याचं लॉगबुक मागायला मी गेलो तर तो मला चहा पाजून घरी पाठवील, तो पण चांगला माणूस असला तर.

प्र. पोलीस अन् कोर्ट तर ठेवणारच आहेत, अन्याय झाला तर कोर्टात जावा.

क्विंटलमागं दोन किलो कडत्यासाठी वकील लावायचा? तारखेला जायचं एसटीचं तिकीट त्याच्यापेक्षा जास्त होतं (ती पण बंद केलेली असेल म्हणा). नियम अन् इन्स्पेक्टर कशासाठी असतात, तर प्रत्येक म्हाताऱ्याला स्वतंत्र भांडावं लागू नये म्हणून.

प्र. हे सगळं ठीक, पण माझा कडता आज कापलाय, सावकारानं जमीन लिहून घेतलीय. मी काय करू?

कडत्याचं असेल तर पट्टी फाडू नका, फोटो काढून ठेवा, बाजार समितीच्या सचिवाकडं लेखी द्या अन् पोच घ्या, तिथं दाद लागली नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं. काट्यात फरक वाटला तर वैधमापन खात्याकडं तक्रार करता येते, दुसऱ्या काट्यावर वजन करून त्याची पावती जोडा.

सावकाराचं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडं अर्ज. व्याजापोटी किंवा कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेलं असलं, कागदावर रीतसर विक्री दिसत असली तरी चौकशी होते, अन् ते खत 15 वर्षांच्या आतलं असेल तर जमीन परत मिळू शकते. त्यासाठी पैसे दिल्या-घेतल्याचं काही पण चालतं, वहीतली नोंद, बँकेतून काढलेले पैसे, साक्षीदार. वही सावकाराकडंच असते हे मला माहिती आहे, म्हणून इथून पुढं पैसे देताना एक ओळ आपल्या घरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहायची अन् वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर रद्दीत घालायचं नाही.